लग्नाचें छायाचित्र : मांडलेलें आणि सहज टिपलेलें



महोत्सवाच्या निमित्तानें बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील आपल्या कुटुंबांकडून जुनीं छायाचित्रें मागविलीं, तेव्हां त्यांत लग्नाचींच अधिक निघालीं. जुन्या चित्रांत वधूवर खांबासारखे ताठ. अलीकडच्या चित्रांत कोणी खळखळून हसत आहे, तर कोणी डोळे पुसत आहे. तीं पाहून एका तरुणानें मला विचारिलें, "फादर, पूर्वीचीं माणसें लग्नांतही हसत नव्हतीं काय?" त्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं हा लेखप्रपंच.

सन १८३९ मध्यें पॅरिस येथें दागेर याची छायाचित्रणाची रीत जगापुढें आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटेपर्यंत माणसास निश्चल बसावें लागे. गंभीर मुद्रा तेवढा वेळ टिकते, हसूं टिकत नाहीं. तेव्हां तो ताठपणा मनाचा नव्हे, मुख्यतः यंत्राच्या मंदपणाचा होता. २५ जानेवारी १८५८ रोजीं लंडन येथें व्हिक्टोरिया राणीच्या ज्येष्ठ कन्येचा विवाह झाला. विधीस निघण्यापूर्वीं मातापित्यांसह तिचें छायाचित्र घेण्यांत आलें. राणी इतकी थरथरत होती कीं, तिचा चेहरा अस्पष्ट उमटला. मांडणी राजघराण्यास साजेशी होती, परंतु त्या चित्रांत खरी बोलकी ठरली ती मुलीस सासरीं धाडणार्‍या आईची थरथर!

आपल्या प्रांतांत ही विद्या लवकरच आली. १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तेथील आरंभींच्या नामांकित छायाचित्रकारांपैकीं होते. तालुक्याच्या गांवीं मात्र फोटो ही दीर्घकाळ अपूर्वाईचीच वस्तु राहिली. १९१४ सालीं दौंड-बारामती ही लहान रेल्वे सुरू झाली व पुण्याची वाट सोपी झाली. स्टुडिओंत रंगविलेला पडदा, कोरीव खुर्ची, काळ्या कापडाखालीं डोकें घातलेला फोटोग्राफर आणि त्याची "हलूं नका" ही ताकीद! आयुष्यांत कदाचित् एकदांच निघणार्‍या त्या चित्रांत माणूस आपली सारी अब्रू घेऊन उभा राही.

पुढें यंत्र चपळ झालें. १८८८ मध्यें ईस्टमन यानें शंभर चित्रांची फिल्म भरलेला कोडॅक कॅमेरा विकावयास काढला. १९२५ मध्यें हातांत सहज मावणारा लायका बाजारांत आला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनीं, भारतांतील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार या नात्यानें, थोरामोठ्यांनाही बेसावध क्षणीं टिपलें. आज 'कँडिड' म्हणून लग्नघरीं जी मागणी होते, तिची वाट अशी हळूहळू तयार झाली.

मग श्रेष्ठ कोणतें? आपल्या भागापुरतें एक उदाहरण देतों. उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झालें आणि इंदापूर तालुक्यांतील भीमाकांठचीं कित्येक जुनीं गांवें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवचें प्राचीन देऊळ पाणी ओसरलें म्हणजे आजही वर दिसतें. अशा गांवच्या लग्नाचा फोटो स्टुडिओंतील पडद्यापुढें काढलेला असेल, तर त्यांत गांव नाहीं, केवळ चितारलेला बगीचा आहे. परंतु मांडवांत कोणी सहज टिपलेला असेल, तर त्यांत अंगण आहे, ओसरी आहे, पंक्तींत वाढणार्‍या बाया आहेत. बुडालेलें घर पुनः पाहावयाचें तर तेथेंच पाहावें.

उलटपक्षीं, सहज टिपणारा परका फोटोग्राफर रूपाकडे व हास्याकडे वळतो. कोपर्‍यांत बसलेली विधवा आत्या, ऊंसतोडीहून थेट आलेला गरीब चुलता, हे त्यास कसे कळावे? रांगेच्या फोटोंत मात्र घरचा वडील माणूस हांक मारून त्यांस पुढें बोलावतो. रांगेंत सर्वांस जागा असते. म्हणून जुन्या मांडणीस कृत्रिम म्हणून हसूं नये. तिच्यांतही माया होती.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. एका विवाहाच्या वेळीं अंगठी घालून झाल्यावर फोटोग्राफर मला म्हणाला, "फादर, पुनः एकदां घालावयास सांगा, नीट आलें नाहीं." मीं नकार दिला. वधूवरांची परस्परसंमती हाच विवाहाचा प्राण आहे. ती दिली गेली, ती पुनः अभिनयासाठीं मागतां येत नाहीं. ट्रेंट येथील धर्मसभेनें १५६३ सालीं धर्मगुरु व दोन-तीन साक्षीदार आवश्यक ठरविले, कारण खरी साक्ष जिवंत माणसाची असते. कॅमेर्‍यानें वेदीपाशीं पाहुण्यासारखें वागावें, यजमानासारखें नव्हे.

शेवटीं एक विनंती. घरोघरच्या या चित्रांत कित्येक चेहरे आज कोणासच ओळखतां येत नाहींत. तेव्हां लग्नांत कर्ज काढून शेंकडों चित्रें जमविण्यापेक्षां दोन नीट जपा : एक रांगेचें, एक सहजचें. आणि आजीआजोबा हयात आहेत तोंवर त्यांच्याजवळ बसून मागील बाजूस नांवें, गांव व साल लिहून ठेवा.