प्याला आणि परवाना

आमच्या राजापेठेतून बडनेऱ्याच्या दिशेने निघाले की बारच्या पाट्यांवर 'परमिट रूम' हे दोन शब्द दिसतात. रोज दिसणाऱ्या शब्दांचा अर्थ आपण सहसा विचारीत नाही. परमिट म्हणजे परवाना. तो परवाना दुकानदाराचाच असेल असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो पिणाऱ्याचाही आहे. महाराष्ट्रात लागू असलेल्या कायद्याचे नाव आजही दारूबंदीचाच कायदा असे आहे. मुंबई राज्याने तो १९४९ मध्ये केला, आणि विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेल्यानंतर १९५९ मध्ये तो आपल्याकडे लागू झाला. कायदा मुळात मनाई करतो आणि मग परवान्याने सूट देतो. प्रकृतीच्या कारणासाठी पिण्याचा परवानाही त्यात आहे. म्हणजे ज्याच्या हातात प्याला आहे, त्याचे नाव कुठेतरी नोंदलेले असावे, अशी या कायद्याची अपेक्षा आहे.

ही कल्पना नवी नाही. अकबराच्या दरबारातील इतिहासकार बदायूनी याने १५८० च्या दशकातील एका व्यवस्थेचे वर्णन केले आहे. राजवाड्याजवळ दारूचे एक दुकान उघडण्यात आले आणि ते द्वारपालाच्या बायकोकडे सोपविण्यात आले. आजारावरचा उपाय म्हणून ज्याला दारू हवी असेल, त्याने तेथील कारकुनाकडे स्वतःचे, बापाचे आणि आजाचे नाव लिहवून ती घ्यावी, असा नियम होता. बदायूनी हा अकबराचा टीकाकार. लोक खोटी नावे लिहवून दारू नेत, हेही त्याने सांगून टाकले आहे. चारशे वर्षांपूर्वीची ही परमिट रूमच होय. औषधाचे कारण तेच, नोंदवही तीच, आणि पळवाटही तीच!

आपल्या समाजात या विषयावर दोन टोकाची वाक्ये ऐकू येतात. आपले लोक म्हणतात, दारू हराम आहे, तेव्हा तिचा आणि आमच्या इतिहासाचा संबंध काय? दुसरीकडे काही मंडळी म्हणतात, शराब हा शब्दच तुमचा, ती तुम्हीच आणली. दोन्ही वाक्ये इतिहासाला धरून नाहीत. अरबीत शराब म्हणजे नुसते पेय. कुरआनात मधालाही हाच शब्द आला आहे. मनाई आहे ती 'खम्र'ला, म्हणजे बुद्धीवर पडदा टाकणाऱ्या गोष्टीला. आणि ती मनाईसुद्धा टप्प्याटप्प्याने उतरली, हे मदरशात शिकलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. शराब आणि शरबत ही एकाच धातूपासून झालेली सख्खी भावंडे आहेत. अरक म्हणजे घाम. भांड्याच्या तोंडाशी थेंब साचतात म्हणून हे नाव पडले. ज्या भबक्यातून गुलाबपाणी आणि हकिमाचे औषध निघते, त्यातूनच दारूही निघते. भांड्याला दोष देता येत नाही. आणि या देशात सुरा व ताडी इस्लामच्या कितीतरी आधीपासून आहे, हेही विसरता येत नाही.

मोगल दरबाराने पेयांची एक मोठी व्यवस्था उभी केली. पाणी सांभाळणारा तो आबदार, आणि त्याचे खाते म्हणजे आबदारखाना. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. अकबर गंगेचे पाणी पीत असे. ते थंड करण्यासाठी सोरा वापरीत. आणि दरबार लाहोरास असताना डोंगरांतून बर्फ येत असे. दारू गाळणारा तो आबकार. आपण आजही ज्याला अबकारी म्हणतो, तो शब्द या आबकारापासून आला. आबदार आणि आबकार, दोघांच्याही नावात 'आब' म्हणजे पाणीच आहे. प्याला भरणारा तो साकी. आणि प्याल्यासोबत जे तोंडात टाकायचे ती गजक. बारमधल्या पोऱ्याला आज जो 'चकणा' आणायला सांगतात, तीच ही गजक. पुढे तो शब्द तिळाच्या मिठाईला चिकटला आणि पवित्र झाला. उर्दूच्या वर्गात गझल शिकविताना साकी आणि जाम येतात तेव्हा मुले हसतात. आम्ही त्यांना सांगतो की कवीचा साकी पुष्कळदा मुर्शिद असतो. पण खराही साकी होता आणि त्याच्या हातचा प्याला पिऊन खरी माणसे मेली, हेही सांगितले पाहिजे. त्यासाठी आग्र्याला जाण्याची गरज नाही. तो इतिहास आपल्या वऱ्हाडातच घडला आहे.

१५९६ मध्ये अहमदनगरच्या चांदबीबीने तह करून वऱ्हाड मोगलांना दिला. अकबराचा मुलगा शहजादा मुराद याच्याकडे हा मुलूख आला. अकोला जिल्ह्यातील बाळापूरपासून सहा कोसांवर त्याने राहण्यासाठी शहापूर नावाची वस्ती वसविली, असे 'आईन'मध्ये नोंदले आहे. मुरादला दारूने घेरले होते. १५९९ मध्ये दख्खनच्या मोहिमेवर असतानाच तो वारला. त्याला तिशीही गाठता आली नाही. त्याच्या जागी धाकटा भाऊ दानियाल आला. तो मेळघाटापलीकडे बुऱ्हाणपुरास राहू लागला. त्यालाही तेच व्यसन. बापाच्या हुकमाने सासरा अब्दुर्रहीम खानखानान याने त्याच्यावर पहारा बसविला, दारू आत जाऊ नये म्हणून. तेव्हा दानियालने आपल्या बंदूकवाल्याला गळ घातली. त्याने बंदुकीच्या नळीत अरक भरून आणला. नळीतील दारूगोळ्याची काजळी आणि लोखंडाचा गंज त्या जहाल अरकात उतरला. तो पिऊन दानियाल अंथरुणाला खिळला आणि १६०५ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेला. ही हकीकत थोरला भाऊ जहांगीर याने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. बादशहाचा हुकूम आणि खानखानानचा पहारा बंदुकीच्या नळीपुढे हरला.

जहांगीरने स्वतःविषयीही लपविलेले नाही. अठराव्या वर्षी सुरुवात झाली आणि पुढे दुबार गाळलेल्या अरकाचे दिवसरात्र मिळून वीस प्याले होऊ लागले. हात इतके कापू लागले की प्याला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. हकीम हुमामने स्पष्ट सांगितले की असेच चालले तर सहा महिन्यांनी इलाज उरणार नाही. तेव्हा त्याने मिश्रणाचा हुकूम दिला: दोन भाग द्राक्षाची दारू आणि एक भाग अरक. आजचा बारमन मापाच्या कपाने दोन दारू मिसळून कॉकटेल करतो. बादशहाने ते सोडण्यासाठी केले. पुढील काही वर्षांत तो वीसवरून सहा प्याल्यांवर आला, पण पूर्ण सुटला नाही. आणि याच जहांगीरने १६०५ मध्ये तख्तावर येताच जे बारा हुकूम काढले, त्यांत दारू गाळणे व विकणे यांवर बंदी होती. मी स्वतः पितो, हेही त्याने त्या हुकमातच प्रामाणिकपणे नमूद केले. बंदी प्रजेला आणि सूट राजाला, हे सूत्र पुढच्या राज्यकर्त्यांनाही सोयीचे वाटले.

इंग्रजांनी त्यात व्यापार आणला. गोव्यातील नेरूळचा अरक घेऊन किनाऱ्यावरचे इंग्रज 'पंच' नावाचे पेय करीत, असे ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रायर याने लिहिले आहे. तो १६७० च्या दशकात इकडे होता. पंच म्हणजे हिंदुस्तानीतील पाच, असा अर्थही त्याने दिला. अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. दारू वजा केली तर हे आपल्या घरचे शरबतच राहते! हे मिश्रण पुढे विलायतेच्या मेजवान्यांत गाजले. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, आणि इथे अबकारी हे महसुलाचे खाते झाले. दुकानांचे लिलाव होऊ लागले. दारू जितकी खपेल तितकी तिजोरी भरेल, असा तो हिशेब होता. पिणारा होता शेतमजूर, धोबी, हमाल. त्याची तवारीख कोणी लिहिली नाही.

एका नावाचा अपवाद आहे. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचे झिंगराजी जानोरकर हे परीट. दारूने त्यांचा संसार मोडला आणि मुलगा लहान असतानाच ते वारले. १८७६ मध्ये जन्मलेला तो मुलगा म्हणजे गाडगेबाबा. मुराद आणि झिंगराजी यांच्यात पावणेतीनशे वर्षांचे आणि राजारंकाचे अंतर. दोघांनाही एकाच गोष्टीने नेले. पण शहजाद्याच्या मरणातून एक हुकूम निघाला, आणि परटाच्या मरणातून एक कीर्तनकार उभा राहिला. त्या काळी त्यांच्या जातीत बारशाला मटण आणि दारूचे जेवण घालावेच लागे. गाडगेबाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला गोड जेवण वाढले. भाऊबंद रागावले. पण पंगतीत काय वाढायचे, हे वाढणाऱ्याने ठरविले. ना त्यासाठी नोंदवही लागली, ना पहारा.

आम्हाला या इतिहासातून एवढेच दिसते. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. कायदा येतो, कायदा जातो. गावच्या बायकांनी मागणी करून मतदानाने बाटली आडवी केली, तेथे कायद्याला निदान घरातून हात मिळाला. आपल्या मोहल्ल्यांत मात्र अजून एक सोयीचे मौन आहे. "आपल्यात कोणी पीत नाही," असे म्हणून आपण तो विषय संपवितो. मग ज्या घरात रात्री मारहाण होते, त्या घरच्या बाईने बोलायचे कोणाशी? तिने तोंड उघडले तर घराण्याची बदनामी, आणि मिटले तर तिचीच हाडे मोडतात. जहांगीर बादशहा होता. आपल्या दोन भावांचे मरण आणि आपले कापणारे हात त्याला लिहिता आले. आपल्याला शेजारच्या घराविषयी बोलता येत नाही.

लग्नात, सबिलीवर, रमजानच्या इफ्तारीत आपण शरबत वाढतो ते केवळ तहानेसाठी नाही. प्याला भरण्याची, पाहुण्यासमोर धरण्याची, मैफल जमविण्याची ती सगळी अदब आपण राखली आणि फक्त नशा बाहेर ठेवली. हा आपला मोठा वारसा आहे. पण तो मिरविण्याचा हक्क, जो माणूस त्या पंगतीतून उठून परमिट रूमकडे गेला, त्याला आणि त्याच्या घराला आपलेच मानणाऱ्यांना आहे. जुम्याच्या खुत्ब्यात दारू हराम आहे हे सांगितले जाते, ते योग्यच आहे. त्याच मशिदीच्या पायरीवर कोणीतरी त्या घरची विचारपूस करावी. मुराद आणि दानियाल यांच्याभोवती नोकर होते, हकीम होते, पहारेकरी होते. हाताला धरून दस्तरख्वानावर परत बसविणारे कोणी नव्हते.