संरक्षक वर्तनबंध (मानसोपचार)

आघातातून तगून राहण्यासाठी मनाने लावून घेतलेल्या सवयी. विषय टाळणे, हसून वेळ मारून नेणे, उपचारकालाच खूश ठेवणे ही त्यांची रूपे. फ्रॉइडने उपचारातील अशा अडथळ्यांना प्रतिरोध म्हटले. ॲना फ्रॉइडने १९३६ मध्ये बचावयंत्रणांची मांडणी केली. रिचर्ड श्वार्ट्झ यांनी १९८० च्या दशकापासून अशा सवयींकडे मनाचे राखणदार म्हणून पाहिले.

उपचार अडला की जोर लावणे बहुधा अंगाशी येते. उदाहरणार्थ, रस्त्यावर दिवस काढलेली एखादी स्त्री निवाऱ्यात आल्यावरही चिंध्यांचे गाठोडे उशाशी ठेवते, ताटातली भाकरी त्यात दडवते. गाठोडे हिसकावले तर ती औषधही नाकारू शकते. ते राहू दिले आणि रोज ठरल्या वेळी जेवण मिळत गेले, तर पकड सैल होण्याची शक्यता वाढते. संवादातून चालणाऱ्या उपचारातही ही सवय कशापासून वाचवते हे आधी विचारायचे, ती सोडायची का हे मागाहून. मात्र चुकलेले निदान किंवा आत्महत्येचा धोका यांकडे काणाडोळा करणे म्हणजे करुणा नव्हे.

अहिल्यानगर जिल्ह्यात अशा निराधार मनोरुग्ण स्त्रियांचा सांभाळ डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांची माउली सेवा प्रतिष्ठान ही संस्था करते. २०२२ पासून टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.