पुश-पुल शेती

पूर्व आफ्रिकेतील लहान शेतकऱ्यांसाठी विकसित झालेली, रासायनिक कीटकनाशकांविना मका व ज्वारी वाचवणारी मिश्रपीक पद्धती. नैरोबीच्या ‘इसिपे’ या आंतरराष्ट्रीय कीटकविज्ञान केंद्रात झेयाउर खान यांनी इंग्लंडमधील रॉथमस्टेड संस्थेचे जॉन पिकेट यांच्यासह १९९० च्या दशकात ती घडवली.

मक्याच्या दोन ओळींमध्ये डेस्मोडियम हे शेंगवर्गीय पीक लावतात. त्याच्या वासाने खोडकिड्याचे पतंग दूर पळतात (पुश). बांधावरचे नेपियर गवत त्यांना आपल्याकडे ओढते (पुल). तिथे अंडी घातली, तरी गवतातून पाझरणाऱ्या चिकट द्रवात बहुतेक अळ्या मरतात. खरी किमया मात्र जमिनीखाली घडते. स्ट्रायगा हे परजीवी तण (आपल्याकडे ज्वारीत येणारा टारफुला याच कुळीचा) पिकाच्या मुळांना चिकटून रस शोषते आणि त्याचे धुळीसारखे बी मातीत वर्षानुवर्षे टिकते. डेस्मोडियमच्या मुळांतील स्राव हे बी रुजवतात, पण अंकुराला पिकाच्या मुळापर्यंत पोचू देत नाहीत. त्यामुळे जमिनीतील बियांचा साठाच घटत जातो. शिवाय डेस्मोडियम नत्र देते, डेस्मोडियम व नेपियर दोन्हींचा चारा होतो, दूध वाढते. पश्चिम केन्यात हेक्टरी सुमारे एक टन येणारा मका साडेतीन टनांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत.

कोरड्या भागांसाठी नेपियरऐवजी ब्रॅकियारिया गवत वापरतात. डेस्मोडियमचे महाग, दुर्मिळ बी आणि पहिल्या हंगामातील खुरपणीचे कष्ट या प्रसारातील मोठ्या अडचणी होत. उष्ण कटिबंधातील अन्नसुरक्षेसाठी बियाणेपुरवठ्यावर सरकारांनी खर्च करणे आवश्यक आहे.