दुपारची विश्रांती (पुणे)
पुण्याच्या जुन्या पेठांतील दुकाने दुपारी १ ते ४ बंद ठेवण्याचा रिवाज. सकाळी लवकर दुकान उघडणारा दुकानदार घरी जेवून वामकुक्षी घेई आणि संध्याकाळी पुन्हा गल्ल्यावर बसे. याला आळस ठरवणारे विनोद अन्यायकारक आहेत. काम आणि घर दोन्ही सांभाळणारी ती शहाणी व्यवस्था होती. चितळे बंधू या मिठाईवाल्यांनी २०१७ मध्ये दुपारीही विक्री सुरू केली. पुण्याजवळच्या हिंजवडीतील आयटी क्षेत्राला ही उसंत ठाऊकच नाही. २०२३ मध्ये याच क्षेत्रातील इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास कामाचा सल्ला दिला. विश्रांती मात्र सहज मिळालेली नाही: मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे.