लोण्यावाचूनचे भांडण

दोन मांजरांना लोण्याचा गोळा सापडला, वाटणीवरून भांडण जुंपले, माकड तराजू घेऊन न्यायाला बसले आणि समान वाटे करता करता सगळे लोणी त्यानेच मटकावले, ही गोष्ट वर्गात सांगितली नाही असे माझ्या मास्तरकीतले एकही वर्ष गेले नाही. तात्पर्यही ठरलेले: दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. यंदा पावसाळ्यात मात्र दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, आमच्या घरी लोणी नव्हतं, तरी मांजरं भांडली. एकीला दवाखान्यातून आणली, तर दुसरी तिला घरातच घेईना. असं का?"

मी तिला खाली बसवले. उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. पण प्रश्न मात्र माझ्या जुन्या ओळखीचा होता.

कोकणात माझ्या आजोळी गोमी आणि चिमी अशा दोन मांजरी होत्या. एकाच वेताच्या बहिणी. एका सुपात झोपायच्या, एकमेकींची मान चाटायच्या, दुधाच्या वाटीत दोघींची तोंडे एकदमच बुडायची. एका लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात कोणी सुतळी बॉम्ब लावला. दोघी तेव्हा पडवीत होत्या. धूर विरला आणि पाहतो तो गोमी चिमीच्या उरावर! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आजी म्हणाली, "गेल्या जन्मीचं वैर हो, दुसरं काय!" भाऊबीज झाली आणि मामाने चिमीला पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडले. पोत्याचे तोंड मी धरले होते.

हे वैर गेल्या जन्मीचे नव्हते, हे आता मला कळते. पण त्याचे मूळ शोधायला मागे मात्र फार जावे लागते.

सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला. धान्य साठले तसे उंदीर आले आणि उंदरांमागून रानमांजर आले. त्याला कोणी दावे बांधून आणले नव्हते. ते आपल्या पोटासाठी आले आणि माणसाने त्याला राहू दिले. २००७ साली ९७९ रानटी व पाळीव मांजरांच्या रक्तबीजांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा जगातल्या घरोघरच्या मांजरांचे कूळ त्याच भागातल्या रानमांजराशी जाऊन भिडले. सायप्रस बेटावर शिलूरोकांबोस येथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले आहे. त्यात माणसापासून अवघ्या ४० सेंटीमीटरवर सुमारे आठ महिन्यांचे मांजर नीट निजवलेले आहे. त्या बेटावर मांजराची जात मुळात नव्हती. म्हणजे कोणीतरी ते होडीत घालून समुद्रापलीकडून नेले असले पाहिजे. आपली आणि मांजराची सोयरीक इतकी जुनी.

परंतु मांजराची मांजराशी सोयरीक तितकी जुनी नाही, आणि खरी मेख इथेच आहे. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. तो कळपात राहणारा. भांडण झाले तर शेपूट पायात घालून, अंग चोरून 'चुकलो' म्हणण्याची रीत त्याच्या कुळात आहे. मांजराचा पूर्वज एकटा हिंडणारा, एकटा शिकार करणारा. चुकले म्हणायला समोर कोणी असलेच पाहिजे ना! धान्याच्या कोठारांनी ह्या एकांड्या शिलेदारांना शेजारी शेजारी आणले. बहिणी-बहिणी, मायलेकी एकत्र राहू लागल्या, एकमेकींची पिले पाजू लागल्या. १९६५ साली पाउल लायहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने तर लिहून ठेवले आहे की, एरवी एकेकटी फिरणारी मांजरे रात्री एके ठिकाणी जमून मुकाट्याने जवळ जवळ बसतात. म्हणजे मांजर एकटे राहू शकते, पण ते माणूसघाणे वा मांजरघाणे नाही. त्याला सोबत कळते. तुटलेली सोबत पुन्हा कशी जोडावी, एवढेच त्याला नीट कळत नाही.

मग ही सोबत टिकते कशावर? वासावर. गालाला गाल, कपाळाला कपाळ घासून घरातली मांजरे आपल्या सर्वांचा मिळून एक वास तयार करतात. तो वास म्हणजेच त्यांचे आडनाव. दवाखान्यातून आलेल्या मांजरीच्या अंगाला औषधाचा, परक्या हातांचा वास असतो. घरातली मांजर डोळ्यांनी बहीण पाहते आणि नाकाने परकी हुंगते. आणि तिचा विश्वास नाकावर.

दुसरे कारण भीतीचे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने इजिप्तविषयी लिहिले की, तिथे घराला आग लागली तर लोक आग विझवायची सोडून मांजरांना अडवायला रांग धरतात, तरी मांजरे त्यांच्यावरून उड्या मारून ज्वाळांतच शिरतात. हे कितपत खरे ते तोच जाणे. पण भ्यालेल्या मांजराला पुढचे दिसत नाही, एवढे त्यातून कळते. १९९० साली अमेरिकेतील चॅपमन आणि व्हॉइथ या दोघींनी आपल्याच माणसांवर तुटून पडलेल्या १४ मांजरांची हकीकत प्रसिद्ध केली. राग असतो खिडकीबाहेरच्या बोक्याचा किंवा कर्कश आवाजाचा; निघतो तो जवळ असेल त्याच्यावर. साहेब रागावला की आपण घरी येऊन पोरांवर ओरडतो, तसेच हे. फरक इतकाच की मांजराच्या मनात ती गाठ बसते: तो भयंकर क्षण आणि त्या क्षणी समोर असलेले तोंड. पुढे ते तोंड दिसले, की बॉम्ब पुन्हा फुटतो.

आयर्लंडात किलकेनीच्या दोन मांजरांची दंतकथा आहे. ती इतकी भांडली की शेवटी दोन शेपट्याच उरल्या! ह्या कथेची दुसरी बाजू अशी सांगतात की, १७९८ च्या बंडाच्या सुमारास तिथे उतरलेल्या शिपायांनी गंमत म्हणून दोन मांजरांच्या शेपट्या एकत्र बांधून त्यांना दोरीवर टांगले. इतक्यात अधिकारी आला. एकाने तलवारीने शेपट्या छाटून मांजरे पळवली आणि सांगितले, "साहेब, एकमेकांना खाऊन टाकलं!" कथा खरी असो वा नसो, न्याय मात्र सगळीकडचा हाच. गाठ मारणारा सुटतो आणि नाव मांजरांचे होते.

आमच्या अंगणात सुतळी बॉम्ब लावणाराला कोणी बोलले नाही. पोते आले ते चिमीच्या वाट्याला. त्यानंतर कितीतरी दिवस गोमी ते सूप हुंगून माजघरातून पडवीत, पडवीतून माजघरात ओरडत फिरत होती. वैरी गेल्यावर कोणी असे ओरडत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी त्या मुलीला बोलावले आणि सांगितले: आधी दोघींना काही दुखतेखुपते आहे का ते डॉक्टरांना विचारा. मग दोघींना दोन खोल्यांत ठेवा. एकीच्या गालावरून फिरवलेले फडके दुसरीच्या अंथरुणात घाला. बंद दाराच्या दोन्ही अंगांना दोघींची ताटली मांडा. घाई करू नका, मारू नका. दिवस लागतील, आठवडेही लागतील. आणि दिवाळीत अंधार पडण्याआधी दोघींना आतल्या खोलीत घ्या.

सहामाही परीक्षा संपली त्या दिवशी ती धावत आली. "गुरुजी, दोघी दाराला टेकून जेवतात. अलीकडून एक, पलीकडून एक."

"आणि दार?"

"अजून नाही उघडलं. आई म्हणते, त्यांनी सांगितलं की उघडू."