पैलवानाची बिदागी आणि खेळाडूचा चेहरा

जत्रेतला कुस्त्यांचा हगामा आपल्या बीड जिल्ह्यातल्या मंडळींना नव्याने सांगायला नको. पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग नारळावर, मग दहा-वीस रुपयांपासून चढत चढत आकडा शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत जातो. जिंकणाऱ्या गड्याला लोक फेटा बांधतात, खांद्यावर घेऊन मिरवतात, आणि तो भर मैदानात नोटा घेतो. पैसे घेतले म्हणून त्याची कुस्ती बाटली, असे आपल्याकडे कुणी म्हणत नाही. खुराकाला पैसा लागतो, हे वस्तादाला ठाऊक असते आणि पंचालाही. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात पैलवान पोसले, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले, ते याच समजुतीने.

मग खेळाडूने पैशाला शिवू नये, हे सोवळे आले कोठून? ते आले इंग्लंडातून. तिथल्या खानदानी मंडळींनी एकोणिसाव्या शतकात ‘हौशी खेळाडू’ अशी एक जातच निर्माण केली. हेन्ली गावच्या नौकाशर्यतीचा १८७९ सालचा नियम पाहण्यासारखा आहे. कारागीर, यंत्रावर राबणारा, रोजाने काम करणारा मजूर, यांपैकी कोणीही ‘हौशी’ नव्हे, असे त्यात होते. म्हणजे खेळाचे पैसे घेणे राहिले बाजूला, हाताने काम करून पोट भरणे हाच दोष! हा नियम आपल्याकडे लावला असता, तर उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या एकाही तरण्याला नाव वल्हवता आली नसती. (त्यासाठी बिंदुसरेला आधी पाणी पाहिजे, ही गोष्ट निराळी.)

हेच सोवळे पुढे ऑलिम्पिकने नेसले. अमेरिकेतल्या आदिवासी जमातीचा जिम थॉर्प हा विद्यार्थी १९१२ साली स्टॉकहोमला दोन सुवर्णपदके जिंकला. पूर्वी कधी तरी सुट्टीत थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता, एवढ्यावरून १९१३ साली त्याची पदके काढून घेतली. त्याला एकट्याला विजेता म्हणून पुन्हा मान मिळाला तो २०२२ साली. तो वारला होता १९५३ साली.

आपल्या खाशाबा जाधवांची हकीकत याच काळातली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा शेतकऱ्याचा मुलगा, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ साली लंडनला सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे, तर पैसा नाही. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे कर्ज फेडले, असे सांगतात. म्हणजे ऑलिम्पिकला जे चालत नव्हते, त्या जत्रेतल्या बिदागीनेच ऑलिम्पिकवीराच्या गुरूचे घर सुटले! आम्हा मास्तर मंडळींना खर्डेकरांचा अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पण खेळाडू ‘शुद्ध’ राहावा म्हणून दुसऱ्याने घर गहाण ठेवायचे, ही काही व्यवस्था नव्हे.

ऑलिम्पिकने पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत ही अट हळूहळू सोडली. अमेरिकेतल्या कॉलेजांनी मात्र ती धरून ठेवली. तिथे कॉलेजच्या सामन्यांवर कोट्यवधी डॉलर मिळतात. खेळणाऱ्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळे, बाकी काही नाही. या भिंतीला भगदाड पाडले ते एका व्हिडिओ गेमने. एड ओबॅनन नावाचा बास्केटबॉलपटू १९९५ साली आपल्या कॉलेजला अजिंक्यपद मिळवून देऊन पुढे मोटारी विकण्याच्या धंद्यात पडला होता. एका मित्राच्या घरी पडद्यावरच्या खेळात त्याला स्वतःचीच आकृती दिसली. नाव नव्हते, पण तुळतुळीत डोके तेच, डावा हात तोच, पाठीवरचा ३१ आकडाही तोच. त्याला कोणी विचारले नव्हते, पैही दिली नव्हती. २००९ साली त्याने खटला भरला. २०१४ साली न्यायालयाने कॉलेज-क्रीडासंघटनेचे बंधन बेकायदा ठरवले. गेम काढणाऱ्या कंपनीने दरम्यान कॉलेज फुटबॉलचा खेळ काढणेच थांबवले होते. २०२१ साली, १ जुलैपासून, विद्यार्थ्यांना आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेण्याची मोकळीक मिळाली. २०२४ साली तो गेम पुन्हा आला, तेव्हा संमती देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत देऊ केली गेली. दहा हजारांहून अधिक पोरांनी होकार दिला. नामांकित गड्याला ही रक्कम क्षुल्लकच. बाकावर बसणाऱ्याला बरी. पण आधी विचारले, ही गोष्ट मला रकमेहून मोठी वाटते.

आपल्याकडे चेहऱ्याच्या हक्काचा स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयांच्या निकालांवर काम चालते. १९९६ च्या इंग्लंड दौऱ्यात शतके ठोकून सौरव गांगुली परतला, तेव्हा टाटा टी कंपनी चहाच्या पुड्यांबरोबर त्याच्या अभिनंदनाची संधी देऊ करत होती. गांगुली त्याच कंपनीचा नोकर होता. तरी कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. नोकराच्या पगारात त्याचे नाव आणि कीर्ती येत नाही. मग विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीत त्याचा चेहरा कसा येईल? उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने एका ऑनलाइन खेळाच्या प्रकरणात, क्रिकेटपटूंची नावे, धावांचे आकडे आणि चितारलेली चित्रे वापरायला मनाई करण्यास नकार दिला. जी माहिती सर्वांसमोर आहे, ती एकट्याच्या मालकीची नव्हे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे. आकड्यांपुरते ते मला पटते. वर्तमानपत्राने धावा छापायच्या तर परवानगी कशाला? पण हुबेहूब आकृती करून विकायची, तर गोष्ट वेगळी.

हे सारे बीडला दूरचे वाटेल. पण आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकला; पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकला आणि पुढे पोलीस अधिकारी झाला. खाशाबाही १९५५ साली पोलिसांतच फौजदार म्हणून लागले होते. पदकाच्या बदल्यात नोकरी, ही आपली जुनी रीत. अशा गड्यांच्या मागे शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर पोरे धावताहेत, आणि त्यांचे व्हिडिओ आज गावातल्या प्रत्येक मोबाइलवर आहेत. स्पर्धेच्या प्रवेशपत्रावर छायाचित्र व चित्रीकरण कसेही वापरायला संमती आहे, असे एखादे वाक्य बारीक अक्षरात असू शकते. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. असे वाक्य आढळले, तर सही घेण्याआधी ते घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. आणि आई-बाप उसाच्या तोडीला कारखान्यावर गेले असतील, तर फोन लावून त्यांना ते ऐकवावे, किंवा ते परत येईपर्यंत कागद तसाच ठेवावा.