कुशीवरील पट्टे आणि शटरचा वेग : नागपूर परिसरातील वन्यजीव छायाचित्रणाचा ऐतिहासिक विचार

मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपूरच्या आसपासच्या आणि उत्तरेकडील सातपुड्याच्या अरण्यांची जुनी वर्णने प्रामुख्याने शिकाऱ्यांची आहेत. फॉर्सिथचा १८७१ मधील 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' आणि डनबार ब्रँडरचा १९२३ मधील 'वाइल्ड ॲनिमल्स इन सेंट्रल इंडिया' हे ग्रंथ त्याची साक्ष देतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदूक मागे पडली आणि कॅमेरा पुढे आला. तथापि कॅमेऱ्याने काय टिपावे हे छायाचित्रकाराच्या इच्छेपेक्षा उपलब्ध प्रकाशावर अधिक अवलंबून राहिले. प्रस्तुत लेखात याच मर्यादेचा विचार केला आहे.

ही मर्यादा ओलांडण्याचा भारतातील लक्षणीय प्रयत्न संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन याने केला. वाघाच्या वाटेवर तार ताणावयाची, तारेला पाय लागताच झगझगीत प्रकाश पडून चित्र उमटावे, अशी त्याची योजना होती. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक या प्रयोगांवर आधारलेले आहे. पट्ट्यांच्या रचनेवरून एकेक वाघ ओळखता येतो, हेही त्याच्या ध्यानात आले होते. या निरीक्षणाचे मोल कळावयास मात्र पुढे कित्येक दशके जावी लागली.

ताडोबा (राष्ट्रीय उद्यान, १९५५) आणि पेंच (व्याघ्र प्रकल्प, १९९९) येथे दिवसा जीपमधून छायाचित्रण करणाऱ्यांची अडचण निराळी होती. रंगीत पारदर्शिकांची फिल्म मंद असे. १९७४ मध्ये आलेल्या कोडाक्रोमची संवेदनक्षमता अवघी ६४ होती. भर उन्हात ॲपर्चर एफ १६ ठेवल्यास शटरचा वेग फिल्मच्या अंकाइतका ठेवावा, या सर्वपरिचित नियमाने तो सुमारे १/६० सेकंद येतो. ॲपर्चर एफ ५.६ पर्यंत उघडल्यास १/५००. चारशे मिलिमीटरची भिंग हातात धरून वापरावयाची तर शटर किमान १/४०० हवे, म्हणजे हिशेब जेमतेम जुळतो. परंतु वाघ भर उन्हात क्वचितच वावरतो. पहाटे साग-ऐनाच्या सावलीत प्रकाश चार स्टॉप कमी झाला की वेग १/३० वर येतो. भिंग वाळूच्या पिशवीवर टेकवून हाताचा कंप थांबवता येई, पण चालत्या वाघाचे पाय आणि पट्टे पुसट व्हायचेच. त्या काळातील वाघांची छायाचित्रे बहुधा पाणवठ्यावर बसलेल्या वाघांची असत, याचा संबंध केवळ छायाचित्रकाराच्या आवडीशी नाही.

डिजिटल कॅमेऱ्याने हे गणित पालटले. २००७ मधील निकॉन डी ३ ची मूळ संवेदनक्षमताच ६४०० पर्यंत होती. आयएसओ १६०० म्हणजे ६४ च्या पंचवीसपट. त्याच सावलीत १/३० ऐवजी सुमारे १/७५० मिळू लागले. आज अनेकजण शटर आणि ॲपर्चर स्वतः ठरवून आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवतात. चित्रात थोडे कण दिसले तरी चालतील, पण हललेले चित्र नको, हा त्यामागील विचार. प्रकाशमापकाची एक खोड मात्र कायम आहे : तो प्रत्येक दृश्य मध्यम करडे मानतो. चौकट भरून उभा असलेला काळाभोर रानगवा तो अकारण उजळ करतो आणि गव्याचे पांढरे पायमोजे जळून जातात. तेथे एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने कमी करावे लागते. मे महिन्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली, तर कोणतीही मांडणी उपयोगी पडत नाही. वैदर्भीय उन्हाळ्यापुढे भिंगाची किंमत चालत नाही, एवढेच!

या तांत्रिक निवडीला शास्त्रीय महत्त्व आले ते वाघांच्या गणनेमुळे. उल्हास कारंत यांनी नागरहोळे येथील स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून वाघांची संख्या काढण्याची पद्धत १९९५ मध्ये मांडली. सरिस्कातील वाघ संपल्याचे २००५ मध्ये उघड झाल्यावर पाऊलखुणांच्या जुन्या गणनेवरील विश्वास उडाला. २००६ च्या अंदाजापासून देशभर कॅमेऱ्याचा आधार घेतला जाऊ लागला. त्या वेळी महाराष्ट्राचा आकडा १०३ होता, २०२२ मध्ये तो ४४४ झाला. हे आकडे विश्वासार्ह ठरण्यासाठी प्रत्येक चित्रातील पट्टे वाचता येणे अनिवार्य असते. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरील पट्टे सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात. अवरक्त दिव्याचा कॅमेरा प्राण्याला कमी बिचकवतो, परंतु रात्री त्यावरील चालत्या वाघाचे चित्र अनेकदा पुसट येते. त्यामुळे ओळख पटवण्यासाठी क्षणभर चमकणारा पांढरा झोत पसंत केला जातो. चॅम्पियनने तारेला जोडलेला झोतही याच जातीचा होता.

पर्यटकांच्या संग्रहातील चित्रे या कामी क्वचित उपयोगी पडतात, पण ती बहुधा समोरून घेतलेली असतात. २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात आलेला आणि २०१६ मध्ये बेपत्ता झालेला 'जय' असंख्य कॅमेऱ्यांत बंदिस्त झाला होता. अशा वाघाचा माग काढताना त्याच्या रुबाबदार चेहऱ्याच्या चित्राहून दोन्ही कुशींची साधी, न हललेली दोन चित्रे अधिक मोलाची असतात.